दिसलं का? हो, दिसलं!

१४ डिसेंबर २०२५, रविवार, दुपार

आत्ता उठलोय. अंगाला अजून धुराचा वास येतोय, स्वेटरला सगळी कुसळं चिकटलीयेत. काल रात्री आमच्या आकाश बघणाऱ्या ग्रुपचा जेमिनिड्सचा, म्हणजे डिसेंबरातल्या उल्कावर्षावाचा, प्रोग्राम होता, यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी एका मेंबरच्या शेतात. पहाटे साडेचारला टेलिस्कोप गाडीत टाकला आणि सहाला घरी. दुकान आज भाऊ सांभाळतोय, तो वर्षातून दोनदा हे करतो आणि वर्षभर ऐकवतो.

सकाळीच ग्रुपवर फोटो पडलेत, प्रोग्राम हाऊसफुल, सगळ्यांनी शनी पाहिला, सगळ्यांनी उल्का पाहिल्या वगैरे. ते "सगळ्यांनी पाहिला" वाचून मला हसायला आलं. कारण काल टेलिस्कोपवर मीच उभा होतो आणि किमान पंधरा जणांनी काहीच पाहिलेलं नाही हे मला माहितीय. पण त्या पंधराही जणांनी "हो हो दिसलं, भारी!" म्हणलं.

हे होतं कसं ते सांगतो. आमचा आठ इंची डॉब्सोनियन टेलिस्कोप आहे, त्याला मोटर-बिटर काही नाही, नळकांडं हातानं ढकलायचं. शनी मोठा दिसावा म्हणून पॉवर १२० पट लावली की पृथ्वी फिरते त्या हिशोबानं दीड-दोन मिनिटात शनी त्या गोलातून बाहेर. एकानं पाहिलं, दुसऱ्यानं पाहिलं, तिसऱ्या ताई आल्या, त्यांनी आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, हातानं धरलं (धरू नका म्हणून दहादा सांगितलं तरी धरतातच), नळकांडं हललं, आता आत नुसता काळा गोल. ताई दहा सेकंद बघतात, मागे लाईन बघतात, नवरा "झालं का" म्हणतो, आणि ताई म्हणतात "दिसलं". त्यांची काय चूक? लाईनीत चाळीस जण असताना "मला नाही दिसलं" म्हणायला जिगर लागते.

म्हणून मी दोन-तीन वर्षांपासून लोकांना "दिसलं का" विचारतच नाही. विचारतो, "बाजूला एक छोटा ठिपका आहे, तो डावीकडे का उजवीकडे?" तो ठिपका म्हणजे टायटन, शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. ज्याला शनी दिसलाय तो पटकन सांगतो. ज्याला नाही तो गडबडतो, मग मी "थांबा, परत लावून देतो" म्हणतो आणि तो खुश. थोडं मास्तरकीसारखं वाटतं खरं, एकदा एक काका चिडले पण होते, मी काय परीक्षेला बसलोय का म्हणून.

यंदा तर शनीनं अजून घोळ घातलाय. मार्चमध्ये, २३ मार्चला, पृथ्वी बरोब्बर शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली, साधारण पंधरा वर्षांनी असं होतं, आणि अजूनही कडी जवळजवळ आडव्या धारेवरच आहेत. म्हणजे पुस्तकातला तो टोपीवाला शनी नाही, गोळा आणि त्यातून आरपार गेलेली बारीक रेघ. लोक मोबाईलमधला रंगीत शनी डोक्यात घेऊन येतात आणि आत ही रेघ. एक पोरगा सरळ म्हणला, "काका कडं कुठंय, खराब झालंय का?" मला तो आवडला. गॅलिलिओचं हेच झालं होतं की. १६१० ला त्याला शनीच्या दोन्ही बाजूला छोटे गोळे चिकटल्यासारखं काहीतरी दिसलं आणि १६१२ ला बघतो तर ते गायब. आपण आधी पाहिलं ते खरं होतं का याचीच त्याला शंका यायला लागली. ते कडं आहे हे हॉयगेन्स नावाच्या डच खगोलशास्त्रज्ञानं १६५९ ला छापून सांगेपर्यंत जवळपास पन्नास वर्षं गेली. ज्यानं पहिल्यांदा पाहिलं त्याला कळलंच नाही काय पाहिलं ते.

भाषणं झाली थोडी. ती होणारच. पाहुण्यांनी भास्कराचार्य काढले, खान्देशात आकाशाचा प्रोग्राम आणि भास्कराचार्य नाहीत असं होत नाही, आणि काढावेतच, चाळीसगावजवळ पाटणादेवीला तो शिलालेख आहेच, नातू चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा, शके ११२८ चा. पण पाहुणे म्हणले भास्कराचार्यांनी शनीची कडी ओळखली होती. मी गप बसलो, यजमानांचे पाहुणे. ११५० ला सिद्धांतशिरोमणी लिहिणाऱ्या माणसानं नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पिवळट ठिपक्याची गती मोजली, दुर्बीण यायला अजून साडेचारशे वर्षं होती, हे काय कमी आहे का? त्याला कडं कशाला चिकटवायचं.

बाकी अडचणी नेहमीच्याच. शेजारच्या शेतात रात्रीची थ्री फेज आली आणि विहिरीवरचा मोठा दिवा पेटला, तो बंद करायला एक जण पळाला तर त्याच्यामागे कुत्रं लागलं. केळीच्या बागेला पाणी सोडलेलं त्यामुळे दव असं पडलं की आयपीस दर दहा मिनिटाला धुरकट, मी घरून बायकोचा केसांचा ड्रायर नेतो पण लाईट कुठून आणणार, शेवटी आयपीस आलटून पालटून खिशात गरम करत बसलो. आणि भरीत! डिसेंबरात शेतात जमायचं आणि भरीत नाही असं चालत नाही आमच्याकडे, बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, सगळं पाहिजे. पण वांगी भाजायची म्हणजे जाळ, आणि जाळाकडे पाहिलं की डोळ्यांना परत अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. दरवर्षी यावरून भांडण होतं. यंदा जाळ गोठ्याच्या मागे केला, धूर मात्र वारा फिरल्यावर बरोब्बर गुरूच्या दिशेला. गुरू सध्या मिथुनेतच आहे, उल्का जिथून येतायत असं वाटतं त्याच भागात, त्यामुळे लोकांना दिशा दाखवायला सोपं गेलं एवढं खरं.

उल्का मोजायला पोरं ताडपत्रीवर झोपवली होती, गोधड्या घेऊन. प्रत्येकाला कागद, पेन्सिल आणि लाल जिलेटिन लावलेली बॅटरी. नियम एकच, स्वतःला दिसली तीच लिहायची, दुसरा ओरडला म्हणून नाही. आता हा नियम पोरांना पाळता येतो का? एक जण "ती बघ!" करतो आणि दहा पेन्सिली चालतात. अर्ध्या तासानं मी चक्कर मारली तर कुणाचे बावीस, कुणाचे एकतीस. कडेला सातवीतली एक मुलगी होती, कानाला मफलर बांधलेली, तिच्या कागदावर शून्य. म्हणलं झोपली होतीस का. तर म्हणे नाही काका, सगळे ओरडतात मग मी त्या बाजूला बघते तोपर्यंत गेलेली असते.

मी तिला म्हणलं आवाजाकडे बघायचंच नाही, एकच तुकडा धरून बसायचा, डोळे सैल सोडायचे. पहाटे कागद गोळा केले तेव्हा तिचे चौदा होते, त्यातल्या एकावर काट मारून पुढे "शंका" लिहिलेलं, म्हणजे तेरा. बाकीच्यांचे कागद मी बाजूलाच ठेवलेत, तिचा एक नीट घडी घालून ठेवलाय. (जेमिनिड्स म्हणजे धूमकेतूचा नाही तर फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा कचरा, १९८३ ला सापडलेला, हे मी पोरांना सांगितलं तेव्हा निम्मी झोपली होती. दोनच्या सुमारास चंद्रकोर वर आली तेव्हा उरलेली पण.)

आता मुद्द्याचं. काल अण्णा, माझे वडील, आले होते. सत्त्याहत्तर वय, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, घरी रहा म्हणलं तर ऐकत नाहीत.

अण्णांचा आणि माझा एक जुना हिशोब आहे, म्हणजे मला वाटायचं फक्त मलाच माहितीय. १९८६ चा मार्च, मी तिसरीत. हॅलेचा धूमकेतू आलेला, पेपरात रोज तेच, मुंबईचं खगोल मंडळ पण त्याच हवेत निघालेलं, १९८५ ला. अण्णा भुसावळला रेल्वेच्या लोको शेडमध्ये होते. एका पहाटे ड्युटीवरून आले ते कपडे पण न बदलता मला उठवलं, सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून बसवलं आणि तापीच्या पुलावर नेलं. खूप वेळ उभे होतो. अण्णा दक्षिणेकडे बोट दाखवून "तो बघ, तो बघ" म्हणत होते. मला काहीच दिसत नव्हतं, थंडी वाजत होती आणि लघवीला लागली होती. शेवटी म्हणलं, "हो, दिसला. शेपटी पण दिसली." वर्गात तर मी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. तो परत २०६१ ला येणार, तेव्हा मी त्र्याऐंशीचा, त्यामुळे दुरुस्ती होण्याची शक्यता कमीच.

तर काल साडेनऊला अण्णांना खुर्चीवर बसवलं, चष्मा काढायला लावला, आयपीस डोळ्याशी आणला. बघितलं त्यांनी. म्हणाले, "हा. दिसला."

सवयीनं माझ्या तोंडून गेलंच, "अण्णा, रेघ आडवी आहे का तिरपी?"

त्यांनी डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "तुला तो पुलावर दिसला होता ना शेपटीवाला, तशीच आहे."

मागे लाईनीत कुणीतरी हसलं, त्यांना काय कळलं असेल कोण जाणे. मी वाकून आत पाहिलं तर काळा गोल, शनी कधीच निघून गेलेला. परत धरला, जरा पुढे आणून ठेवला म्हणजे त्यांच्या डोळ्यासमोर सरकत येईल. लाईनीतल्यांना म्हणलं दोन मिनिटं थांबा. अण्णा बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता.

"बोरात सुई खुपसल्यासारखं आहे रे काहीतरी," म्हणाले. "आणि बाजूला मोहरीएवढं एक."

टायटन कुठल्या बाजूला ते मी विचारलं नाही.

नंतर गोठ्यामागे जेवायला नेताना, माझ्या खांद्याला धरून चालत होते, पायाखाली सरी-वरंबे, तेव्हा म्हणाले, "त्या दिवशी मलाही काही दिसला नव्हता. तू दिसला म्हणलास म्हणून सायकल वळवली, नाहीतर अजून थांबणार होतो."