रंगाआधी पाणी

मिनेसोटात एप्रिलमध्ये तळ्यांवरचा बर्फ फुटतो आणि घरोघरी गॅरेजं उघडतात. मेच्या मध्याला वॉलाय माशाचा हंगाम सुरू होतो, त्याआधी होडी पाण्यात उतरायला हवी म्हणून सगळ्यांची घाई. त्या शनिवारी माझ्याकडे आलेली होडी 14 फुटी, रिव्हेट मारलेली अ‍ॅल्युमिनियमची, अंगावर हिरव्या रंगाचे तीन थर. मालकाचं म्हणणं एवढंच, की खरवडून रंगवून द्या.

जुनी होडी मी आधी आतून पाण्याने भरतो, रंगाचं नंतर बघतो. बाहेरून पाणी कुठून आत येतं ते दिसत नाही, आतून बाहेर येताना मात्र थेंब न् थेंब दिसतो. होडी ट्रेलरवरच ठेवायची, कणा नीट टेकलेला हवा, आणि पाणी चार इंचांच्या वर न्यायचं नाही. तेवढंही तीन-चारशे किलो होतं आणि अधांतरी असलेला पत्रा त्या वजनाने वाकतो. मग खाली आडवं होऊन जिथे जिथे थेंब धरतो तिथे मार्करने गोल करायचा.

अर्ध्या तासात बुडाला अकरा गोल झाले. ते नेहमीचं काम. सैल रिव्हेटला बाहेरून दोन-अडीच किलोचा लोखंडी ठोकळा ऐरणीसारखा धरायचा आणि आतून रिव्हेटच्या शेपटीवर, म्हणजे चेपलेल्या टोकावर, हातोडी मारायची. यासाठी माणसं दोन लागतात. अकरापैकी आठ तेवढ्यानेच घट्ट झाले. तीन झिजलेले होते, ते ड्रिलने काढून 3/16 इंची भरीव अ‍ॅल्युमिनियमचे घातले. रिव्हेटची लांबी म्हणजे दोन्ही पत्र्यांची जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. ठोकण्याआधी भोकात सीलंट. पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येणारे पोकळ) वापरायचीच वेळ आली तर बंद तोंडाचे घ्यावेत. साध्यांच्या मधोमध भोक असतं आणि ते पुन्हा गळतं.

मला थांबवलं ते मागच्या बाजूने. इंजिन अडकवतात त्या ट्रान्समच्या खालच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं आणि पाण्याबरोबर पांढरी लगदी येत होती, भिजलेल्या चुन्यासारखी. अशी लगदी दिसली की अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्लं जातंय हे नक्की. इंजिनचे बोल्ट काढले, कोपऱ्यातले रिव्हेट उडवले, आतलं लाकूड ओढून बाहेर घेतलं. प्लायवूड चांगलं घट्ट होतं, कुजलेलं अजिबात नव्हतं, पण त्याला हिरवट छटा होती. आधीच्या कुणीतरी ट्रान्सम बदलताना घराच्या डेकसाठी (उघड्या लाकडी ओट्यासाठी) मिळणारं औषध मारलेलं लाकूड बसवलं होतं. कुजू नये म्हणूनच त्याने ते घेतलं असणार. अमेरिकेत 2004 पासून घरगुती लाकडाच्या त्या औषधातलं आर्सेनिक गेलं आणि तांब्याचं प्रमाण वाढलं. तांबं, ओल आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आलं की पत्रा झिजत जातो. चिंचेचं सार रात्रभर ठेवलेल्या पातेल्याला जसे खड्डे पडतात, तसेच खड्डे या पत्र्याला होते.

संध्याकाळी गॅरेजचा दिवा बंद केला आणि ट्रान्समच्या बाहेरून टॉर्च लावला. आतून तीसेक ठिपके चमकले. वरून शाबूत दिसणारा पत्रा खालच्या वीतभर पट्ट्यात चाळणी झाला होता. यावर नुसता रंग चढवला असता तर होडी देखणी दिसली असती आणि तळ्याच्या मध्यावर भरत गेली असती.

वेल्डिंगचा विचार केला आणि सोडला. खाल्लेला पातळ पत्रा आचेखाली विरघळून भोक मोठं होतं. नायलॉनच्या ब्रशने पांढरी पूड काढली (लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुतून नवा गंज धरतात), फॉस्फोरिक आम्लाच्या क्लीनरने धुतलं, सुटे खड्डे एपॉक्सीने भरले. चाळणी झालेल्या पट्ट्यावर आतून 5052 जातीच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचं ठिगळ, खाली सीलंटचा थर, मग रिव्हेट. नवं लाकूड म्हणजे औषध न मारलेलं एक्स्टिरिअर प्लायवूड, पाऊण इंचाचे दोन तुकडे एपॉक्सीने जोडून चोवीस तास क्लॅम्पमध्ये. नंतर सगळीकडून एपॉक्सीचे तीन हात. कडा आणि बोल्टची भोकं कोरडी राहिली तर लाकूड तिथूनच पाणी पितं, म्हणून भोकं मोठी पाडून एपॉक्सीने भरली आणि पुन्हा नेमक्या मापाने पाडली.

दुसऱ्यांदा पाणी भरलं, खाली वर्तमानपत्र पसरलं. दोन तासांनी कागद कोरडा.

रंग काढायचं रसायन अ‍ॅल्युमिनियमला चालणारंच घेतलं. कॉस्टिकवालं पत्र्यालाच खातं. मग 80 आणि 180 नंबरचा सँडपेपर, अ‍ॅसिटोनने पुसणं, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. घासलेल्या पत्र्यावर ऑक्साइड लगेच धरतो, त्यामुळे सेल्फ-एचिंग प्रायमरचा (पत्र्याला किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला थर) पातळ हात त्याच दिवशी. त्यावर कुठलाही एपॉक्सी प्रायमर बसेलच असं नाही, डब्यावरची सूचना वाचावी. वर इनॅमलचे तीन पातळ हात. तांबं असलेला शेवाळरोधक रंग अ‍ॅल्युमिनियमला कधीही लावू नये, कारण तो तेच करतो जे त्या हिरव्या लाकडाने केलं.

रात्री पारा 10 अंशांखाली जात होता, म्हणून दोन हातांमध्ये दोन दिवस थांबलो. क्षमतेची पट्टी आणि होडीचा नंबर टेपखाली झाकून ठेवले होते. टेप काढली, बुडातून सापडलेली शिशाची वजनं आणि एक पेनी (तांब्याचं अंग असलेलं नाणं) मालकाच्या हातात ठेवली, आणि ओल्या बुडात यांतलं काहीही पुन्हा पडू देऊ नका, त्यानेही पत्रा तसाच झिजतो असं सांगितलं.