स्लग क्लबच्या बाहेर

रविवार, रात्र

झोप आलीय, पण आज लेकीबरोबर पाहिलेल्या हॅरी पॉटरच्या सहाव्या सिनेमातला नेव्हिल, हॅरीच्या वर्गातला, डोक्यातून जात नाही. पांढरा कोट घालून, हातात ट्रे घेऊन स्लगहॉर्न मास्तरांच्या ख्रिसमस पार्टीत फिरणारा नेव्हिल. हॅरी दिसतो तेव्हा तो सांगतो की आपल्याला काही स्लग क्लबात, म्हणजे मास्तरांच्या लाडक्यांच्या गटात, घेतलं नाही. पण ठीक आहे, बेल्बी नावाच्या पोराला तर बाथरूममध्ये टॉवेल वाटायला उभं केलंय. लेक खो खो हसली. 2009 साली थिएटरात मीही हसलेच असणार. आज उठून उगाच पाणी पिऊन आले.

हा सिनेमा, 'हाफ-ब्लड प्रिन्स', तसाही आमच्या घरात नावडता. नोव्हेंबर 2008चा सिनेमा पुढे ढकलून जुलैत नेला म्हणून आम्ही तेव्हा चिडलो होतो, आणि आला तर त्यात शेवटची लढाई नाही, हेडमास्तर डंबलडोरचा अंत्यविधी नाही. उलट पुस्तकात धडधाकट उभं असलेलं हॅरीच्या मित्राचं, रॉन वीझलीचं घर जाळून ठेवलेलं. लेकीची तक्रार वेगळी. "आई, ब्राइटनेस वाढव ना." वाढवलेलाच आहे बाई. त्या करड्या उजेडासाठी ब्रुनो देलबोनेलला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, आठ भागांत छायाचित्रणासाठी मिळालेलं ते एकमेव, असं मी ऐकवलं. 'झालं हिचं सुरू' असा चेहरा करून तिने उशी मांडीवर ओढली.

पण दुखतंय ते कालचं, हे मला कळतंय.

केमिस्ट्रीच्या सरांचा अमृतमहोत्सव. शाल, श्रीफळ, मानपत्र, लांबलेली भाषणं, आणि मग पाया पडायची रांग. माझी पाळी आली. मी वाकले, सरांनी चष्मा वरखाली करून पाहिलं, चेहरा एकदम उजळला आणि त्यांनी हाक मारली ती माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या नावाने. "अगं, खास अमेरिकेहून आलीस?" मी म्हणाले, "हो सर." "केमिस्ट्रीत 98 ना तुला?" "हो सर." पाठीवर थाप पडली. तिच्या वाटणीची.

ह्यांचं म्हणणं, सांगायचं ना सरळ, सर, मी ती नव्हे. ह्यांना काय जातंय! 'मी ती नव्हे' म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग तू कोण? त्याला काय उत्तर देणार होते मी? नाव सांगितलं असतं, त्यांनी "हां हां" केलं असतं, आणि त्या हां हांमध्ये काहीच नाही हे दोघांनाही कळलं असतं. त्यापेक्षा अमेरिका बरी.

मला मात्र सगळं आठवतंय, हाच त्रास आहे. बेंझिन काढताना सर खडू उचलायचे नाहीत. सहावी रेघ बरोब्बर पहिलीच्या टोकाला जाऊन टेकायची, मग खडूची भुकटी फुंकून मागे वळायचे. माझं जर्नलही आठवतंय. त्यात कधी लाल शेरा नाही, कधी 'छान' नाही. सही आणि तारीख.

स्लगहॉर्न निदान जे करतो ते उघड करतो. फळीवर नाव काढलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो मांडून ठेवलेत आणि हा 'डेली प्रॉफेट'चा संपादक, ही क्विडिचची कॅप्टन, असं खुशाल मिरवतो. रॉनचं आडनाव त्याच्या तोंडावर चुकवतो आणि पुढे चालायला लागतो. जिम ब्रॉडबेंटने केलाय असा की धड रागही येत नाही. लोभी, घाबरट, आणि तरी हॅग्रिडच्या झोपडीत बसून तो त्या माशाबद्दल सांगायला लागतो तेव्हा घसा दाटतो. पाण्याच्या भांड्यात एक पाकळी तरंगत असते, हळूहळू बुडत जाते आणि तळाला टेकायच्या आत तिचा मासा होतो. लिलीने दिलेला, हॅरीच्या आईने, त्याच्या जुन्या विद्यार्थिनीने. ज्या दिवशी भांडं रिकामं दिसलं, तो तिच्या मरणाचा दिवस. हे पुस्तकात नाही, आणि तरी माझ्या मते सिनेमातलं सगळ्यात चांगलं आहे. आज ते बघताना मनात काय यावं? हिला बरं लक्षात ठेवलं सरांनी! मेलेल्या पोरीचा हेवा. धन्य आहे माझी.

बाबासुद्धा शेवटी शेवटी मला आत्याच्या नावाने... जाऊ दे. ते आज नको.

आणि स्लगहॉर्नच्या सगळ्यात पक्क्या लक्षात राहिलाय कोण, तर टॉम रिडल, पुढे व्होल्डेमॉर्ट नावाचा खलनायक झालेला. बाकीची मुलं गेल्यावर मागे रेंगाळून नको तो प्रश्न विचारणारा. इतका लक्षात, की म्हाताऱ्याने स्वतःच्या आठवणीवर धूर फासून ठेवलाय. काल रांगेत माझ्या पुढे तो होता, सिंकमध्ये सोडियम टाकून अर्धी लॅब रिकामी करायला लावणारा. त्याला सरांनी लांबूनच ओळखलं, आडनावासकट. कान धरला, डोळे पुसले. मी तीन वर्षांत एक परीक्षानळीसुद्धा फोडली नाही.

लेक म्हणाली, "पण नेव्हिल शेवटच्या भागात सापाला मारतो ना." मारतो. तलवारीने, एका घावात. माझ्यापुढे साप आला तर मी वॉचमनला हाक मारणार.

हे लिहीपर्यंत फोन वाजला. न्यू जर्सीहून ती. सरांचा तिला मेसेज गेलाय, 'एवढ्या लांबून आलीस, फार बरं वाटलं.' खाली तिचं, 'मी इथे दारातला बर्फ उपसतेय. हे काय प्रकरण आहे??'

मी लिहिलं, तुझ्या वतीने पाया पडून आलेय, 98ही कबूल केलेत, आता सरांच्या सहस्रचंद्रदर्शनाला तू ये आणि माझ्या नावाने पड.

हसून लोळणारे चेहरे आले. मग विचारलंन, 'तुझे किती होते गं?'

81, लिहून टाकलं. तेव्हाच्या मानाने वाईट नाहीत हं.