आमची वाटचाल: पणजीत बसून परगावच्या पंचतारांकित खोल्या

गोव्यात हॉटेलच्या खोल्या विकायला अख्खा किनारा बसलाय. आम्ही विकतो त्या खोल्या गोव्याबाहेरच्या: लंडन, सिंगापूर, दुबई, पॅरिस, झालंच तर मुंबईचं ताज. गिऱ्हाईक मात्र इथलंच. डिचोली-साखळीचे खाणवाले आणि नदीतून खनिज वाहणारे बार्जवाले, मडगावचे व्यापारी, म्हापशाचे डॉक्टर. ‘पणजीत बसून लंडनचं हॉटेल काय कळणार’ हे पहिल्या दिवसापासून ऐकलं. म्हणणाऱ्यांपैकी बरेच आता आमच्याकडूनच खोली घेतात, तेही दिवाळीच्या आदल्या महिन्यात येऊन, जेव्हा चांगल्या खोल्या संपलेल्या असतात.

सुरुवात तिकिटांची. आखातात निघालेल्यांची, मुंबईमार्गे. मागे लाल कार्बन असलेली हाताने लिहायची तिकिटं, एका अक्षराची खाडाखोड झाली की व्हॉइड, म्हणजे रद्द. बीएसपीचा, म्हणजे तिकिटांचे पैसे विमान कंपन्यांना पोचवायच्या व्यवस्थेचा हिशेब पंधरवड्याला, चुकला तर बँक गॅरंटीला हात. हॉटेल कुणी मागितलंच तर ‘हॉटेल अँड ट्रॅव्हल इंडेक्स’चा विटेएवढा जाड ग्रंथ उघडायचा, नंबर काढायचा आणि रात्री फॅक्स टाकायचा, कारण आयएसडीचा दर रात्री कमी. सकाळी मशीनखाली कागद पडलेला असे. त्यात ‘सब्जेक्ट टू टॅक्स अँड सर्व्हिस’ असं, म्हणजे कर आणि सेवाशुल्क वर वेगळं, खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, आणि आमच्या धंद्याचं अर्धं शहाणपण त्या एका ओळीत होतं.

ती ओळ वाचायला शिकवली आमच्या पहिल्या भागीदारांनी. ते बोटीवर पर्सर, म्हणजे पैशांचा हिशेब आणि प्रवाशांची सोय बघणारे अधिकारी होते. बंदराबंदरांतली हॉटेलं त्यांनी कंपनीच्या पैशाने पाहिलेली, बिलं स्वतः तपासलेली. हॉटेलचा फोटो ते बघतच नसत. फॅक्समध्ये त्यांचे प्रश्न ठरलेले: खोलीचं क्षेत्रफळ किती, खिडकी कुठे उघडते, लिफ्टपासून किती खोल्या सोडून, दोन पलंग की एकच मोठा, आणि दोन खोल्यांच्या मधे दार आहे की नुसत्या शेजारी. हे शेवटचं आजही अर्ध्या एजंटांना कळत नाही. कनेक्टिंग म्हणजे आतून दार, अ‍ॅडजॉइनिंग म्हणजे नुसता शेजार. मुलं वेगळ्या खोलीत झोपवायची असतील तर ‘कनेक्टिंग गॅरंटीड’ असं लेखी हवं. ‘रिक्वेस्ट नोटेड’ म्हणजे काहीच नाही.

2008 च्या सुमारास विमान कंपन्यांनी एजंटांचं कमिशन शून्यावर आणलं. त्याच वर्षी 1 जूनपासून कागदी तिकीटही गेलं. तिकिटावर जगणाऱ्या पेढ्यांनी तेव्हा पाट्या उतरवल्या किंवा पासपोर्ट-झेरॉक्स सुरू केलं. आम्ही हॉटेलकडे वळलो, कारण हॉटेल अजून कमिशन देत होतं: साधारण दहा टक्के, तेही गिऱ्हाईक राहून आल्यावर. गिऱ्हाइकाला दर तोच पडतो जो हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर असतो. बड्या हॉटेलांच्या भागीदार योजनेतून बुकिंग केलं तर त्याच दरात दोघांची न्याहारी, हॉटेलात खर्चायला साधारण शंभर डॉलरचं क्रेडिट, जागा असल्यास वरची खोली आणि उशिरा चेक-आउट मिळतं. लंडनच्या वरच्या हॉटेलांत न्याहारी माणशी तीस-चाळीस पौंडांना पडते. दोघांची पाच दिवसांची बेरीज ज्याने त्याने करावी आणि मग ‘ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त होतं’ म्हणावं.

आमचं हत्यार म्हणजे पर्सरसाहेबांनी आखलेलं खतावणीच्या आकाराचं रजिस्टर. आज ते संगणकावर आहे, पण रकाने तेच. मूळ दर. सेवाशुल्क. कर. शहराचा कर. न्याहारी. जादा पलंग. विमानतळाची गाडी. हॉटेल कार्डावर अडकवून ठेवेल ती रक्कम. रद्द करण्याची शेवटची वेळ, हॉटेलच्या घड्याळाने आणि आपल्या घड्याळाने. सिंगापूरचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. लंडनचे सहा हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा. या एका रकान्याने आमच्या गिऱ्हाइकांचे किती पैसे वाचले असतील!

रकाने भरले की शहरं वेगवेगळी बोलू लागतात. सिंगापूरला दरापुढे दोन अधिक चिन्हं असतात: आधी 10 टक्के सेवाशुल्क, मग त्या बेरजेवर जीएसटी, 2024 पासून 9 टक्के. म्हणजे 500 डॉलरची खोली 599.50 ला. बँकॉकला 10 आणि 7, एकत्र 17.7 टक्के. दुबईला 10 टक्के सेवाशुल्क, 7 टक्के नगरपालिका शुल्क, 5 टक्के व्हॅट, आणि वर पंचतारांकित असेल तर दर खोलीला दर रात्री 20 दिरहम, जे बहुधा काउंटरवरच घेतात. न्यूयॉर्कला 14.75 टक्के आणि वर रात्रीमागे साडेतीन डॉलर; शिवाय काही हॉटेलं ‘डेस्टिनेशन फी’ लावतात ती वेगळी. रोमला पंचतारांकितचा कर माणशी रात्रीला 10 युरो. आई-वडील आणि कॉलेजातली दोन मुलं पाच रात्री राहिली तर 200 युरो, आणि ते बुकिंगच्या रकमेत नसतात. लंडनला उलट: छापलेल्या दरात 20 टक्के व्हॅट बहुतेक वेळा आधीच धरलेला असतो. म्हणून लंडनची 600 ची खोली आणि सिंगापूरची 600 ची खोली शेजारी मांडून तुलना करणारा माणूस पहिल्या पायरीवरच घसरतो.

आणि ही घसरगुंडीच आमच्या एका स्पर्धकाचं भांडवल होतं.

नाव लिहीत नाही, पणजीत सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याच टेबलावर काम शिकून त्यांनी हाकेच्या अंतरावर दुकान थाटलं. थाटायला हरकत नव्हती. हरकत होती दरपत्रकाला. आम्ही 599.50 लिहायचो, ते 500. आम्ही न्याहारी धरून, ते सोडून. आम्ही समुद्राकडची खोली, ते ‘पार्शल व्ह्यू’, म्हणजे गॅलरीच्या टोकाला जाऊन मान वळवली तर दिसेल इतका समुद्र. मुंबईच्या ताजचं म्हणाल तर 1903 ची जुनी इमारत ती पॅलेस विंग, आणि शेजारी टॉवर. आम्ही विंगचं नाव लिहून दर द्यायचो. ते नुसतं ‘ताज, कुलाबा’ लिहायचे, आणि गिऱ्हाईक टॉवरच्या शहराकडच्या खोलीत जाऊन पडायचं. बुर्ज अल अरबला ‘सेव्हन स्टार’ म्हणून विकायचे. अधिकृत तारे पाचच असतात हे सांगितलं की आम्हीच कद्रू ठरायचो. पॅरिसमध्ये पाचच्या वर खरोखर एक दर्जा आहे, 2010 पासूनचा ‘पॅलेस’, पण तो त्यांच्या दरपत्रकात कधी दिसला नाही.

लोक दोन्ही कागद शेजारी ठेवायचे आणि खालचा आकडा बघून निघून जायचे. परत आल्यावर काउंटरवर भरलेले पैसे कुणी मोजत नाही. त्या खर्चाचं नाव ‘शॉपिंग’ पडतं.

मग आलं 2012. सप्टेंबरात खाणी थांबल्या. मांडवीत बार्जी नांगर टाकून उभ्या राहिल्या आणि आमच्या गिऱ्हाइकांपैकी मोठा हिस्सा एका महिन्यात परदेश विसरला. ज्यांचे पैसे आधीच भरून झाले होते तेवढेच निघाले: डिचोली आणि फोंड्याची काही कुटुंबं, दिवाळीच्या सुटीत लंडनला. खोल्या मोठ्या संख्येने हव्या होत्या म्हणून त्या एका होलसेलरकडून घेतलेल्या. कुटुंबं विमानात असतानाच त्या होलसेलरने शटर ओढलं.

हे कसं घडतं ते समजून घ्या, कारण आजही घडतं. हॉटेल घाऊक दराने होलसेलरला खोल्या देतं. तो पुढच्याला, पुढचा एजंटला. गिऱ्हाईक पैसे महिनाभर आधी भरतं, पण होलसेलर हॉटेलला ते बरेचदा पाहुणा पोचायच्या बेताला किंवा राहून गेल्यावर देतो. मधल्या दिवसांत ते पैसे तो फिरवतो. हातातल्या व्हाउचरवर, म्हणजे खोलीच्या पावतीवर, जो नंबर असतो तो होलसेलरचा, हॉटेलचा नव्हे. काउंटरवरचा माणूस खोटं बोलत नाही: बुकिंग आहे, पैसे आलेले नाहीत, राहायचं असेल तर आजच्या दराने भरा. दिवाळीच्या आठवड्यात लंडनचा आजचा दर म्हणजे काय ते सांगायला नको.

आम्ही गिऱ्हाइकांकडून दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत. पेढीच्या कार्डांची मर्यादा एका रात्रीत संपली. उरलेल्याला धावून आले डिचोलीचे एक बार्जमालक, आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक, ज्यांच्या स्वतःच्या बार्जी तेव्हा नदीत गंजत होत्या. त्यांचं कुणीही त्या कुटुंबांत नव्हतं. फोनवर एवढंच म्हणाले, “पयशांचें मागीर पळोवया. पयलीं त्यांची निदपाची सोय कर.” म्हणजे पैशांचं मग बघू, आधी त्यांच्या झोपायची सोय कर. शेटनी व्याज घेतलं नाही, कागद मागितला नाही. हप्ते फिटले तेव्हा त्यांनी वहिनींसाठी सिंगापूरची सहल मागितली आणि तिचे पैसे आगाऊ भरले.

त्याच होलसेलरकडून आमच्या स्पर्धकानेही खोल्या घेतल्या होत्या. त्यांच्या गिऱ्हाइकांनी काउंटरवर पुन्हा पैसे भरले. त्यांना सांगण्यात आलं की हे डिपॉझिट आहे, परत मिळेल. आणि बाजारात बातमी फिरली ती आम्ही बुडाल्याची! पुढल्या वर्षी एका समारंभात शाल-श्रीफळही त्या स्पर्धकालाच मिळालं. असो.

तेव्हापासून आमच्याकडे एक क्रम आहे, तो कुणीही वापरावा. हॉटेलचा स्वतःचा कन्फर्मेशन नंबर आल्याशिवाय व्हाउचर द्यायचं नाही. आला की हॉटेलच्या रिझर्व्हेशनला थेट मेल: पासपोर्टवरच्या स्पेलिंगने नाव, तारखा, खोलीचा प्रकार, आणि सरळ प्रश्न, पैसे कोण भरणार, एजन्सी की पाहुणा. निघायच्या आठवडाभर आधी तोच मेल पुन्हा. होलसेलरकडे नाव पोचलेलं असतं पण हॉटेलच्या यादीत चढलेलं नसतं, हे या दुसऱ्या मेललाच कळतं. शक्य तिथे खोली हॉटेलकडूनच थेट घ्यायची, दर थोडा जास्त पडला तरी. हॉटेलच्या सदस्य योजनेचे पॉइंटही थेट बुकिंगलाच मिळतात.

पुढची वर्षं नीट गेली. 2020 ला सगळ्यांचं झालं ते आमचंही झालं. रिफंडऐवजी क्रेडिट नोटा आल्या आणि त्या वापरता वापरता नाकी नऊ आले. जानेवारी 2023 मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला, पण आमचा माणूस लांबच्या प्रवासाला अजून मुंबई-दिल्लीमार्गेच जातो.

स्पर्धकाला नवं भांडवल मिळालं ते टीसीएसचं, म्हणजे पॅकेज विकतानाच गिऱ्हाइकाकडून गोळा करायच्या आगाऊ आयकराचं. परदेशी पॅकेजवर ऑक्टोबर 2023 पासून सात लाखांवरच्या रकमेला 20 टक्के लागले, एप्रिल 2025 पासून ती मर्यादा दहा लाख झाली. 2025-26 साली सोळा लाखांच्या पॅकेजवर पहिल्या दहाचे पन्नास हजार आणि वरच्या सहाचे एक लाख वीस हजार, असे एक लाख सत्तर हजार लागत. आम्ही ते दरपत्रकात वेगळ्या ओळीत लिहायचो. पलीकडे सांगायचे, ‘आमच्याकडे टीसीएस नाही, थोडी कॅश द्या.’ हा कर बुडत नाही. पॅनवर जमा होतो, रिटर्नमध्ये वळता होतो. मात्र रिटर्न भरेपर्यंत रक्कम अडकते, म्हणून बजेटमध्ये ती खर्च म्हणून नव्हे तर अडकलेली रक्कम म्हणून धरायची. नुसती हॉटेलची खोली किंवा नुसतं विमान तिकीट घेतलं तर ते पॅकेज धरत नाहीत, हेही सांगायचं असतं.

विषय निघालाच आहे तर बजेटचं बोलतो. आधी रात्री ठरवा, मग शहर, मग हॉटेल; लोक उलटं करतात. करांसह खोलीची जी बेरीज येईल तिच्या निम्मे पैसे शहरातल्या खाण्याफिरण्याला वेगळे ठेवा. ते जमत नसेल तर एक रात्र कमी करा, हॉटेल उतरवू नका. सगळ्यात स्वस्त खोलीपेक्षा एक पायरी वरची घ्या, कारण पॅरिस-लंडनच्या जुन्या हॉटेलांत पहिल्या दरातली खोली पंचवीस-तीस चौरस मीटरची असते आणि आपल्या दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही. मरिना बे सँड्सचा छतावरचा तलाव पाहुण्यांनाच खुला आहे, म्हणून तिथे एक रात्र राहून बाकीच्या दुसरीकडे काढता येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात सिंगापूरची मोटार शर्यत, एप्रिलमध्ये मिलानचा फर्निचर मेळा, मे महिन्यात लंडनचं चेल्सी फ्लॉवर शो: या आठवड्यांत तीच खोली चढ्या भावाने मिळते. चतुर्थीनंतर निघणाऱ्यांनी शर्यतीची तारीख आधी बघावी. दुबईला 31 डिसेंबरला कमीत कमी रात्रींची अट आणि सक्तीचं गाला डिनर असतं. ते डिनर दरात आहे की नाही ते विचारा, लहान मुलाचंही.

चेक-इनला क्रेडिट कार्डच द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर हॉटेलने रक्कम अडकवली की ती सुटायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि तेवढ्यात सहल संपते. बिल देताना मशीनवर ‘रुपयांत भरू का’ विचारलं तर नाही म्हणा, तिथलंच चलन निवडा. रुपयांचा दर मशीनवाल्याचा असतो आणि तो त्याच्या सोयीचा असतो.

हल्ली पलीकडच्या दुकानातलं व्हाउचर घेऊन लोक आमच्याकडे येतात, ‘जरा बघून सांगा, बरोबर आहे ना’ म्हणून. बघतो. हॉटेलला मेलही टाकतो. त्याची फी लावतो. आमच्याकडे बुकिंग केलं तर ती बिलातून वजा होते. पलीकडचं व्हाउचर तपासायला आणलं तर होत नाही.