पेडलला अडॅप्टरचा जॅक बसवताना : माझा अनुभव

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकांच्या संगीतसाथीत मी गिटार वाजवतो. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत चालणाऱ्या या हंगामात वडसा आणि आसपासच्या गावांत रात्री उशिरा पडदा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. माझे जुने डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारी, पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी) केवळ 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारे होते, अडॅप्टरसाठी त्यात जागाच नव्हती. मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा दिव्यासकट ते सुमारे 10 मिलीअँपिअर प्रवाह घेत होते, म्हणजे हिशेबाने साधी झिंक-कार्बन बॅटरी पाच-सहा रात्री टिकायला हवी. प्रत्यक्षात व्होल्टेज 7 च्या आसपास आले की आवाज बसू लागतो, आणि तालुक्याच्या दुकानात मिळणारी बॅटरी कधीपासून पडून आहे याची खात्री कोणी देत नाही. म्हणून बाहेरून वीज देण्यासाठी जॅक, म्हणजे अडॅप्टरची पिन घुसते ती खोबण, बसवायचा आणि बॅटरीही कायम ठेवायची, असे ठरवले.

पेडलच्या जगात 5.5 मिलिमीटर बाहेरील व 2.1 मिलिमीटर आतील व्यासाची पिन रूढ आहे आणि तिच्यात मधला भाग ऋण व बाहेरचा भाग धन असतो. घरातील इतर बहुतेक उपकरणांच्या अडॅप्टरमध्ये नेमके याच्या उलट असते. घरी राउटरचा 9 व्होल्टचा एक अडॅप्टर पडून होता, पिनही अचूक बसणारी होती, परंतु मीटरने मधला भाग धन दाखवला, त्यामुळे तो बाजूला ठेवला. दुसरा एक जुना, जड ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर भाराविना 13 व्होल्ट दाखवत होता. त्याला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, नाही हे उघडच होते, आणि अशा अडॅप्टरमधून येणारी 100 हर्ट्झची गुणगुण डिस्टॉर्शन पेडल कित्येक पटींनी मोठी करून ऐकवते. अखेर पेडलसाठीच बनवलेला रेग्युलेटेड अडॅप्टर नागपूरहून मागवला.

जॅक निवडतानाची एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. धातूच्या आट्यांचा जॅक दिसायला मजबूत असतो, पण त्याच्या अंगाला पिनचा बाहेरचा भाग जोडलेला असतो, आणि आपल्या बाबतीत तो भाग धन आहे. पेडलची ॲल्युमिनियमची पेटी मात्र गिटारच्या जॅकमधून ऋणाशी जोडलेली असते. असा जॅक पेटीत आवळला की अडॅप्टर थेट शॉर्ट होतो. त्यामुळे प्लास्टिकच्या अंगाचा, तीन टोकांचा जॅक घेतला.

भोक पाडण्याआधी सर्किटची पट्टी पेटीतून पूर्ण बाहेर काढली, कारण ॲल्युमिनियमचा बारीक कीस तिच्यावर पडला तर तो शोधणे कठीण जाते. जॅकची आतील लांबी बॅटरीला आणि फूटस्विचला अडत नाही, हे मोजून जागा ठरवली, तिथे कागदी चिकटपट्टी लावली आणि पंचाने खूण केली. ड्रिल मशीन गावातील फॅब्रिकेशनच्या दुकानातले. दुकानदार म्हणाले, "हळू घ्या भाऊ, घाई केली तं बिट अडकते." छोट्या बिटाने सुरुवात करून, मधूनमधून रॉकेलचा थेंब देत भोक 12 मिलिमीटरपर्यंत वाढवले आणि कडा कानशीने साफ केल्या.

जोडणी तशी थोडकी आहे. मधल्या पिनची तार गिटारच्या इनपुट जॅकच्या ऋण टोकाला, बाहेरच्या भागाच्या टोकाची तार सर्किटच्या धन बाजूला, आणि उरलेल्या तिसऱ्या टोकाला बॅटरीची लाल तार. पिन आत गेली की तिसरे टोक आतल्या आत सुटते, त्यामुळे अडॅप्टरचा प्रवाह बॅटरीत शिरत नाही. चार्ज न होणाऱ्या बॅटरीच्या दृष्टीने हे फार आवश्यक आहे. बॅटरीची काळी तार मात्र इनपुट जॅकच्या मधल्या टोकावर होती तिथेच राहू दिली, कारण गिटारची केबल काढली की बॅटरी बंद होण्याची युक्ती त्याच टोकावर चालते. शिवाय चुकून उलट्या धन-ऋणाचा अडॅप्टर लागला तर सर्किट वाचावे म्हणून धन आणि ऋण यांच्यामध्ये 1N4001 डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लावला, आणि वीज आणखी स्थिर राहावी म्हणून 100 मायक्रोफॅरडचा, 25 व्होल्टचा कपॅसिटर जोडला.

अडॅप्टर लावण्यापूर्वी मीटरच्या बीपवर तीन गोष्टी तपासल्या. धन टोक आणि पेटी यांच्यात बीप नको. पिन बाहेर असताना बॅटरीची लाल तार आणि सर्किटचे धन टोक यांच्यात बीप हवा. पिन आत घातल्यावर तोच बीप थांबायला हवा. तिन्ही ठीक निघाल्यावरच वीज दिली. आवाज स्वच्छ आला, आणि गेन, म्हणजे आवाज फाटका करण्याची मात्रा, पूर्ण वाढवूनही गुणगुण बॅटरीवर होती तेवढीच राहिली.

आमच्याकडच्या वादकांनी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. प्रयोगाच्या मध्येच वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, तर बॅटरी आपोआप काम हाती घेत नाही, कारण ती सुटते ती पिनच्या दाबाने, विजेच्या असण्या-नसण्याने नव्हे. पिन हाताने ओढावी लागते. दोन शॉटकी डायोड (कमी व्होल्टेज खाणारे डायोड) वापरून हा बदल आपोआप करता येतो, पण त्यात थोडे व्होल्टेज खर्ची पडते आणि ताजी बॅटरी अडॅप्टरपेक्षा वरचढ असेल तर तीच आधी झिजते. म्हणून मी पिन ओढण्याचीच पद्धत ठेवली, आणि जॅक पायाच्या बाजूला न ठेवता हात चटकन पोहोचेल अशा मागच्या कडेला बसवला.