फोटोची मागची बाजू

"तुमचं घर बांधलं त्याआधी त्या जागेवर काय होतं? मोठ्यांना विचारून लिहा." तीन वर्षांपूर्वी लेकीला शाळेतून हा गृहपाठ मिळाला आणि घरातले मोठे, म्हणजे मी आणि नवरा, सपशेल नापास झालो. आम्ही आयर्लंडमधल्या लूकनमध्ये राहायला आलो २०१६ साली. घराच्या कागदांवर बांधकामाचं साल २००४. त्याच्या मागे आमची मजल जात नव्हती. "शेत असेल गं," म्हटलं, तर "कुणाचं? कसलं?" हे पुढचे प्रश्न तयारच.

उत्तर मिळालं शाळेच्या फाटकाशी. लेकीच्या वर्गातल्या एका मुलाला न्यायला त्याची पणजी यायची. वय अठ्ठ्याऐंशी, पाठ ताठ, पाऊस आला तर छत्री नाही, डोक्याला फक्त प्लास्टिकचा रुमाल. इथे त्यांना लहानथोर सगळे पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते आजतागायत जमलेलं नाही, म्हणून मी त्यांना आजीच म्हणते. लेकीने त्यांनाच गाठलं. आजी म्हणाल्या, "तुमची ओळ ना? ते वेल फील्ड. कोपऱ्यात विहीर होती, गुरं तिथे पाण्यावर यायची. तुमचं स्वयंपाकघर बहुतेक चिखलातच असणार."

विहिरीचं वावर! मला एवढा आनंद झाला, की त्या रात्री मी जुने नकाशे उघडून बसले. आयर्लंडची पहिली सविस्तर मोजणी १८२९ ते १८४२ या काळात झाली, एका मैलाला सहा इंच या प्रमाणात, आणि ते नकाशे घरबसल्या बघता येतात. आमच्या भागाच्या नकाशात बांध दिसले, झाडांच्या रांगा दिसल्या. शेतांना नाव मात्र एकालाही नाही. मोजणीवाल्यांनी टाउनलँडची नावं लिहिली. टाउनलँड म्हणजे शिवार म्हणा हवं तर, सरकारदरबारी नाव असलेला जमिनीचा सगळ्यात लहान तुकडा, आणि अशी साठ हजारांहून जास्त नावं या बेटावर आहेत. पण त्याच्या आतल्या शेताशेताची नावं कागदावर आलीच नाहीत. ती बोलण्यात होती, आणि बोलणारे आता शाळेच्या फाटकाशी रुमाल बांधून उभे होते.

लूकन डब्लिनच्या पश्चिमेला, लिफी नदीच्या काठी. एकेकाळचं गाव, आता उपनगर. जुनं गावठाण नदीजवळ. तिथला १८१४ चा पूल एकाच कमानीवर उभा आहे, आणि अशा दगडी पुलांमध्ये तो देशात सगळ्यात लांब. त्याचे फोटो हजारोंनी आहेत, त्याची काळजी मला नाही. बाकी सगळा पसारा म्हणजे शेतांवर उगवलेल्या वसाहती. बॅलिओवेन, एस्कर, फिन्सटाउन, किशोग ही सगळी जुन्या टाउनलँडांची नावं. त्यातलं एस्कर मला फार आवडतं. हिमयुगात बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याने सोडलेला वाळू-खडीचा लांबलचक उंचवटा, त्याला आयरिश भाषेत एश्किर म्हणतात आणि तोच शब्द जगभरच्या भूगर्भशास्त्राने उचलला. आम्ही तिथे आठवड्याचा भाजीपाला आणायला जातो. किशोगची गंमत निराळी. तिथलं रेल्वे स्टेशन २००९ मध्ये बांधून तयार झालं आणि पहिली गाडी थांबली ऑगस्ट २०२४ मध्ये. पंधरा वर्षं कुलूपबंद फलाट! तो काळही कुणी लिहून ठेवायला हवा, कारण आता तिथे उतरणाऱ्यांना ते खरं वाटत नाही.

आणि खुद्द लूकन? आयरिशमध्ये लेव्हकॉन, म्हणजे एल्म झाडांची जागा. गेल्या शतकात रोग आला आणि या देशातले बहुतेक मोठे एल्म वाळून गेले. गावाच्या नावात उरलंय ते झाड.

२०१५ मध्ये इथे एअरकोड आला, प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र, अक्षरं आणि अंक मिळून सात चिन्हांचा क्रमांक. सोय झाली, नाकारत नाही. पण आता पार्सलवर टाउनलँडचं नाव कुणी लिहीत नाही, आणि जे नाव लिहिलं जात नाही ते दोन पिढ्यांत जातं.

तर गृहपाठ झाला, लेकीला शाबासकी मिळाली आणि मी अडकले. आमच्या इथे आठदहा जणांचा एक गट आहे, जुने फोटो आणि आठवणी गोळा करणारा. त्यांना स्कॅनर चालवता येणारं माणूस हवं होतं. मी नोकरीत दिवसभर डेटाच हलवते, म्हटलं हे काय अवघड. सगळ्यात तरुण मी, म्हणजे बेचाळीस वर्षांची.

तिथे गेल्यावर कळलं की ही हौस या देशात जुनी आहे, आणि त्यामागे एक जखमही आहे. १९२२ मध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या संकुलातला सरकारी दफ्तरखाना जळून खाक झाला. शेकडो वर्षांची कागदपत्रं आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग त्यात गेला. नंतरच्या चार जनगणना तर सरकारनेच नष्ट केल्या, त्यातल्या दोन पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी. त्यामुळे १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे जे घरोघरचे फॉर्म उरलेत, त्यांना लोक पोथीसारखे जपतात. १९११ च्या फॉर्ममध्ये विवाहित बाईसाठी दोन रकाने आहेत: जन्मलेली मुलं किती, त्यातली आज हयात किती. दोन आकडे शेजारी शेजारी. मी पहिल्यांदा ते बघितले तेव्हा लॅपटॉप मिटून ठेवला होता.

लेकीचा गृहपाठही नवा नव्हता. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने देशभरच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना कामाला लावलं. सुमारे पाच हजार शाळा, पन्नास हजार मुलं, बहुतेक अकरा ते चौदा वयाची. घरी जा, आजोबांना विचारा, वहीत लिहा. भुतं, विहिरी, खेळ, पावसाची लक्षणं, घरगुती औषधं. डांग्या खोकला झाला तर पोराला गाढवाच्या पोटाखालून काढा, असलेही उपाय त्यात आहेत. मोठ्या शहरांतल्या शाळा वगळल्या होत्या, कारण शहरात कसलं आलंय लोकसाहित्य, असा तेव्हाचा समज. मला हा समज साफ चुकीचा वाटतो, पण त्यांनी जे केलं त्यापुढे तक्रार करायला तोंड नाही. डूखस नावाच्या संकेतस्थळावर त्या वह्या मुलांच्या अक्षरात वाचता येतात.

मग एका शनिवारी आम्ही वाचनालयात टेबल मांडलं आणि आजी आपला डबा घेऊन आल्या. बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा, ख्रिसमसला इथे घरोघर येतो तो. वर्षानुवर्षं उघडून झाकणाचा रंग बोटांच्या जागी गेलेला. आत त्रेसष्ट फोटो, एक जपमाळ आणि स्मृतिपत्रांचा गठ्ठा. इथे माणूस गेलं की महिन्याने त्याच्यासाठी प्रार्थना होते, त्या सुमारास नातेवाइकांना खिशात मावेल एवढं कार्ड वाटतात. फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा, दोन ओळींची प्रार्थना. लोक ती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात. गावाची वंशावळ हवी असेल तर दफ्तरखान्याआधी म्हाताऱ्या बायकांची प्रार्थनेची पुस्तकं उघडावीत.

"आह शुअर, हे कोण बघणार?" आजी म्हणाल्या. डबा आणणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.

मी दोन तासांत त्रेसष्ट फोटो स्कॅन केले. स्वच्छ, सहाशे डीपीआय, नावनिशी फायली. फार खूश होते स्वतःवर. डबा परत दिला.

त्यानंतर आजींच्या स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिलं रेकॉर्डिंग वाया गेलं, कारण फ्रिजची घरघर आजींपेक्षा मोठी. दुसरं वाया गेलं, कारण मी विचारलं, "जुन्या काळाबद्दल सांगा ना." त्यावर त्या म्हणाल्या, "गरिबी होती, पण मजा होती," आणि चहा ओतायला उठल्या. तिसऱ्या वेळी गटातल्या एका निवृत्त पोस्टमनने सांगितलं, काळाबद्दल विचारू नकोस, रस्त्याबद्दल विचार. मग मी म्हटलं, "पुलापासून चालायला लागलो तर पहिलं दार कुणाचं?" आजींनी डोळे मिटले आणि पन्नास मिनिटं त्या चालत होत्या. या घरात शिवणारी बाई, त्या घरात लोकरीच्या गिरणीत जाणारे तीन भाऊ, इथे कुत्रं चावायचं म्हणून आम्ही पलीकडून जायचो. हात टेबलावर डावी-उजवीकडे दारं दाखवत होता.

मी परकी असण्याचा इथे उपयोग झाला. बाहेरून आलेल्याला हे लोक ब्लो-इन म्हणतात, वाऱ्याबरोबर उडून आलेला. तीस वर्षांपूर्वी शेजारच्या परगण्यातून आलेलाही ब्लो-इनच, तिथे माझी काय कथा. पण गावच्या माणसाशी बोलताना आजी "तुला माहितीच आहे" म्हणून पुढे जातात. मला काहीच माहीत नसतं, म्हणून त्यांना सगळं सांगावं लागतं.

त्यांचं सगळंच बरोबर असतं असंही नाही. लूकनची ट्राम महायुद्ध संपल्यावर बंद झाली, असं त्या ठामपणे सांगतात. आईच्या कडेवरून शेवटची ट्राम बघितल्याचं त्यांना आठवतं, ओल्या कोटांचा वासही आठवतो. ट्राम बंद झाली १९४० मध्ये, तेव्हा त्या पाच वर्षांच्या. रेकॉर्डिंगमध्ये मी काही छाटलं नाही. तारीख टिपणात लिहिली. वासाला तारीख कशाला हवी? एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली आणि लगेच म्हणाल्या, "ही नको, त्यांची मुलं अजून इथे आहेत." तेवढा भाग त्यांच्यादेखत पुसला.

आता माझा पराक्रम. त्रेसष्टपैकी एका फोटोत सहा मुली आहेत, पांढऱ्या झग्यात, हातात फुलांच्या परड्या. कॉर्पस क्रिस्टी या कॅथलिक सणाची मिरवणूक, साल १९४५ च्या आसपास. आजी डावीकडून दुसऱ्या. पाच जणींची नावं त्यांनी घडाघडा सांगितली. सहावी, परडी उलटी धरलेली, तिचं नाव येईना. "ते लोक नंतर इंग्लंडला गेले," एवढंच. १९५० च्या दशकात सुमारे चार लाख माणसं हा देश सोडून गेली. तेव्हा लोकसंख्या तीस लाखांच्याही आत होती. त्यातलं हे एक घर. "मागे लिहिलंय की," आजी म्हणाल्या. "माझ्या आईने सगळ्यांच्या मागे लिहिलंय."

मागे. मी एकाही फोटोची मागची बाजू स्कॅन केली नव्हती.

धावत त्यांच्याकडे गेले, तर नातवंडांनी वाढदिवसाला सुंदर अल्बम करून दिलेला. त्रेसष्ट फोटो, सगळे डिंकाने चिकटवलेले. प्रेमाने केलेलं काम, कुणाला काय बोलणार? चूक माझीच होती. मी चहा प्यायले आणि घरी येऊन रडले.

गटातल्या एका जाणत्या बाईंनी उपाय सांगितला: दात साफ करायचा दोरा, मेण नसलेला, फोटो आणि पानाच्या मधून करवतीसारखा हळूहळू ओढायचा. आजींनी परवानगी दिली, तीही एकाच फोटोला. चाळीस मिनिटं लागली. फोटो शाबूत निघाला, पण पाठीचा पापुद्रा निम्मा अल्बमलाच राहिला. पेन्सिलीचं अक्षर दिसत होतं. पाच नावं अर्धीमुर्धी. सहाव्या नावातलं पहिलं नाव पूर्ण, आडनावाचं फक्त आद्याक्षर.

त्या रात्री पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. एकेचाळिसाव्या मिनिटाला आजी एका दारापाशी थांबतात. बाप गिरणीत, चार पोरं, एके दिवशी दाराला कुलूप. आणि आडनाव सांगतात, सहज, पुढच्या दाराकडे वळता वळता. त्याच आद्याक्षराचं.

दुसऱ्या दिवशी मऊ पेन्सिलीने ते पूर्ण नाव एका चिठ्ठीवर लिहिलं आणि फोटोसोबत आजींसमोर ठेवलं. त्यांनी चश्मा लावला, बराच वेळ बघितलं. ऐंशी वर्षांनी नाव भेटलंय, आता डोळे भरून येतील, अशा तयारीने मी रुमालही काढून ठेवला होता.

"स्पेलिंग चुकलंय," आजी म्हणाल्या. "त्यांच्यात दोन एल." आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.