वॅन्कोमायसिनची वाटी

इंदूरात 'कॅट'च्या, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या, गेटसमोरून रोज जाणारे कितीतरी जण आहेत पण आत काय चालतं विचारलं तर "काहीतरी लेझरचं" एवढंच सांगतात, म्हणून म्हटलं लिहावंच. आत इंडस-2 आहे, 172.5 मीटर परिघाची रिंग, त्यात 2.5 जीईव्ही इतक्या प्रचंड ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात, वळताना त्यांच्यातून एक्सरे सुटतात आणि तिथली बीएल-21 ही बीमलाइन (ते एक्सरे प्रयोगापर्यंत नेणारी वाट) खास प्रोटीनच्या क्रिस्टलसाठी आहे, एक्सरे टाकून आतले अणू कुठे बसलेत ते काढायला. आपल्या गावात!

माझा जीव मात्र पेप्टाइड अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या औषधांमध्ये, अडकलाय; त्यांचीही रचना अशीच क्रिस्टलवर एक्सरे टाकून काढतात. वॅन्कोमायसिनच घ्या ना. सातच अमिनो आम्लं, पण त्यांच्या बाजूच्या रिंगा एकमेकींना अशा जोडलेल्या की रेणू खोलगट वाटीसारखा होतो. बॅक्टेरियाची भिंत ज्या पेप्टाइडपासून बनते त्याच्या टोकाला डी-अ‍ॅलॅनिन हे अमिनो आम्ल दोनदा असतं, ते टोक या वाटीत बसतं, पाच हायड्रोजन बाँड होतात आणि भिंतीचं काम अडतं. आता औषधाला दाद न देणारा एन्टेरोकॉकस हा बॅक्टेरिया काय करतो, तर शेवटच्या अ‍ॅलॅनिनऐवजी लॅक्टेट लावतो, म्हणजे एका एनएचच्या (नायट्रोजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) जागी एक ऑक्सिजन, बास. एक बाँड गेला, वर समोरासमोर आलेले दोन ऑक्सिजन एकमेकांना ढकलतात, आणि पकड साधारण हजार पटीने ढिली. स्क्रीनवर स्ट्रक्चर फिरवत त्या जागेपाशी आलं की अंगावर काटा येतो, खरंच.

पण हे दिसायला फार वेळ लागला. औषध 1958 पासून वापरात, आणि अख्ख्या रेणूची क्रिस्टल रचना आली 1996 ला! भानगड फेजची. क्रिस्टलवर एक्सरे टाकले की डिटेक्टरवर ठिपके येतात, प्रत्येकाची तीव्रता मोजता येते पण फेज, म्हणजे ती लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर होती ते, काही नोंदला जात नाही, आणि त्याच्याशिवाय अणू कुठे बसलेत ते निघत नाही. छोट्या रेणूंना डायरेक्ट मेथड्स, म्हणजे तीव्रतांवरूनच गणिताने फेज काढणं, चालतात, हाउप्टमन आणि कार्लला 1985 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यासाठीच मिळालं, मोठ्या प्रोटीनमध्ये सेलेनियमसारखे जड अणू घालतात. वॅन्कोमायसिन या दोन्हींच्या मध्ये लटकलेलं, हायड्रोजन सोडून 101 अणू, जड म्हणावेत असे फक्त दोन क्लोरीन, आणि क्रिस्टलमध्ये पाणीच पाणी. क्रिस्टल द्रवातून बाहेर काढला की सुकून तडकतो, म्हणून नायलॉनच्या बारीक लूपमध्ये उचलून लगेच 100 केल्विनच्या नायट्रोजनच्या झोतात धरायचा.

होळकर सायन्स कॉलेजच्या पोरापोरींनो, पीडीबीवर (प्रोटीन डेटा बँक, रचनांचा ऑनलाइन संग्रह) हे सगळं फुकट आहे, वाटीत पेप्टाइड बसलेलं स्ट्रक्चर उघडा आणि तो एनएच स्वतः शोधा.