काळ्या रानातून

सोलापूरहून मंगळवेढ्यामार्गे पंढरपूरपर्यंतचे सुमारे ७५ किलोमीटरचे अंतर आमच्या भागातील एक छोटी दिंडी आषाढीपूर्वी चार दिवसांत चालते. यंदा तिच्यात मीही होतो. मी ख्रिस्ती आहे आणि दर्शनाला येणार नाही, हे मी आधीच सांगितले होते, त्यावर शेजारचे अण्णा म्हणाले, "गुरुजी, चालायला कुणाची ना आहे?"

निवृत्त होऊन दोन वर्षे झाली तरी माझी हक्काची रक्कम अडकून होती. रोजच्या प्रार्थनेत मी देवापुढे तेच गाऱ्हाणे मांडत असे, इतके की माझी प्रार्थना आणि कार्यालयाला पाठवलेले स्मरणपत्र यांत फारसा फरक उरला नव्हता.

तिऱ्ह्यापर्यंतच्या पहिल्याच टप्प्यात माझी अधीरता उघडी पडली. विणेकरी थांबला की सारी दिंडी थांबते, आणि पुढच्याला ओलांडून जाण्याची रीत नाही. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यामुळे अभंगांत मला परके वाटले नाही. यरुशलेमला सणासाठी चढून जाणारे यात्रेकरू म्हणत ती बायबलातील पंधरा आरोहणस्तोत्रे, १२० ते १३४, मी टाळांच्या ठेक्यावर मनात म्हणू लागलो. एकशे तिसाव्या स्तोत्रातील पहारेकरी पहाटेची वाट पाहतो. पहाट होणार की नाही, हा प्रश्न त्याला पडत नाही. मला मात्र तोच पडत होता.

माचणूरला भीमा लागली आणि पुढे मंगळवेढ्याचे काळे, मोकळे रान सुरू झाले. ऐन आषाढात शेते रिकामी पाहून मी विचारले, तेव्हा अण्णा म्हणाले, "ही मालदांडीची रानं. आता पडेल तो पाऊस मातीत मुरू द्यायचा. पेर भाद्रपद-आश्विनात. पुढं थंडीत पाऊस नसतो, तरी ज्वारी येते ती त्या मुरलेल्या ओलीवर." बायबलातील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याच्या धीराचा दाखला आहे. त्यातला पहिला पाऊस यहूदियातील पेरणीचा आणि शेवटचा कणीस भरण्याचा. तो दाखला मी उपासनेत कित्येकदा वाचला आहे. परंतु दुसरा पाऊस न येताही पीक उभे राहते आणि तेही वर न दिसणाऱ्या ओलीवर, हे सोलापुरात आयुष्य काढूनही मी कधी मनावर घेतले नव्हते. मागितलेले हाती न आलेल्या त्या दोन वर्षांत देवाने माझ्यात काय मुरवले असेल, हा प्रश्न त्या संध्याकाळी प्रथमच माझ्या प्रार्थनेत आला, आणि रकमेचा विषय काढायचा राहूनच गेला.

मंगळवेढा हे चोखोबांचे गाव. देवळाच्या दाराबाहेर उभे ठेवलेल्या माणसाची भक्ती माणसांनी लादलेल्या अन्यायातून गेली. तिला केवळ धीर म्हणून गौरवणे मला पटत नाही. त्यांच्या अभंगांत तक्रारही आहे, जशी स्तोत्रकर्त्याची 'किती वेळ' अशी असते.

पंढरपुरात मंडळी रांगेत गेली आणि मी चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांच्या पिशव्या व चपला राखत बसलो. अण्णा परतले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. "लई ताटकळलात," ते म्हणाले. मी नाही म्हणालो, आणि ते बरेचसे खरे होते.

परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीतून पुन्हा ते रान दाखवले. पेरणीला अजून दोन महिने होते. तोवर कुळवाच्या पाळ्या द्यायच्या होत्या.